शर्यत तोंडावर आणि गियर पुन्हा बिघडला: आधी काय तपासायचं, कशाला हात लावायचा नाही

सायकल स्टँडवर लावून हाताने पेडल फिरवलं तर अकराच्या अकरा गियर नीट पडतात. रस्त्यावर चढ लागला, पायात जोर आला की मागच्या चाकावरच्या मधल्या दातेरी चकत्यांवर करकर सुरू होते. शिफ्टर (गियर बदलायची लिव्हर) क्लिक होतो, चेन चढत नाही, आणि अर्ध्या फेऱ्यानंतर धाडकन चढते. बॅरल अॅडजस्टर (गियरच्या केबलच्या टोकाची फिरकी) पाव फेरा फिरवला की दोन दिवस बरं वाटतं. तिसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात सायकलवाल्यांची सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार हीच. आणि बहुतेक जण शेवटच्या रात्रीपर्यंत बॅरलच फिरवत बसतात. बॅरल केबलचा ताण कमी-जास्त करतो, बाकी काही करत नाही. ताण एकदा बरोबर बसला आणि बाकी सगळं धड असेल, तर पुढचे कित्येक आठवडे त्याला हात लावायची वेळ येऊ नये. दर राइडला तो फिरवावा लागतोय याचा अर्थ कुठेतरी काहीतरी वाकलंय, सरकतंय, झिजलंय किंवा तुटत चाललंय. ते शोधल्याशिवाय गियर जुळवणं म्हणजे गळक्या पिंपात पाणी भरणं.

किती बारीक कारभार आहे हे आकड्यांत पाहा. शिमानो कंपनीच्या ११-स्पीड रोड कॅसेटमध्ये, म्हणजे मागच्या अकरा चकत्यांच्या संचात, एका चकतीपासून शेजारच्या चकतीपर्यंत साधारण ३.७ मिमी अंतर असतं. शिफ्टर एका क्लिकला सुमारे २.७ मिमी केबल ओढतो आणि डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) त्याच्या साधारण १.४ पट सरकतो. म्हणजे केबलमध्ये अर्धा मिलिमीटर कुठे हरवला, तर चेन जागेपासून ०.७ मिमी बाजूला राहते. शेजारच्या चकतीला घासायला तेवढं पुरतं. ७-स्पीडच्या सायकलीत हेच अंतर ५ मिमी असतं, म्हणून तिथे थोडंफार खपून जातं. ११ आणि १२-स्पीडला काहीही खपत नाही.

बिघाड कुठल्या जातीचा आहे?

पाना हातात घेण्याआधी दहा मिनिटं सायकल चालवून नीट लक्ष द्या. मोठ्या चकतीकडे चेन चढताना अडते की लहान चकतीकडे उतरताना? सगळ्या चकत्यांवर सारखंच होतं की एका टोकालाच? क्लिक केल्यावर होतं, की काहीही न करता नुसता जोर दिल्यावर?

सगळीकडे सारखंच चढताना अडत असेल तर केबल सैल आहे. हा सगळ्यात सोपा प्रकार.

उतरताना अडत असेल तर दोन शक्यता: केबल जास्त ताणलेली आहे, किंवा आउटरच्या (केबलवरच्या कवचाच्या) आत घर्षण आहे आणि डिरेलरच्या स्प्रिंगला केबल परत ओढता येत नाही. या दोन्हींतला फरक ओळखायची खात्रीची युक्ती आहे. बॅरल पाव-पाव फेरा आत घ्या, म्हणजे केबल थोडी सैल करा. उतरणं सुधारलं आणि चढणंही चांगलंच राहिलं, तर प्रश्न ताणाचा होता आणि तो सुटला. पण उतरणं सुधारताच चढणं बिघडलं, परत ताण दिला की उलटं, अशी रस्सीखेच सुरू झाली तर घर्षण आहे. घर्षण असताना दोन्हीकडे जुळेल अशी बॅरलची जागाच अस्तित्वात नसते. लोक तासन्‌तास ती शोधत राहतात.

लहान चकत्यांवर सुरेख, मोठ्या चकत्यांकडे जाऊ तसं बिघडत जाणारं, किंवा याच्या उलट: इथे हँगर (डिरेलर टांगायचा तुकडा) वाकलाय, नाहीतर एकमेकांशी न जुळणारे भाग बसवलेत.

क्लिक न करता, उभं राहून जोर दिला की चेन एक दात सोडून घसरते: हा शिफ्टिंगचा प्रश्नच नाही. चेन-कॅसेटची झीज, ढिली कॅसेट किंवा चेनमधली एखादी आखडलेली कडी पाहा. आखडलेली कडी ओळखणं सोपं आहे. पेडल हळूहळू उलटं फिरवत डिरेलरच्या दोन छोट्या दातेरी चाकांपैकी खालच्याकडे, म्हणजे खालच्या पुलीकडे बघा. ती कडी पुलीवरून जाताना ताठ राहते आणि डिरेलर प्रत्येक वेळी टुणकन हलतो.

आणि काल जुळलेलं आज थोडं सैल, उद्या आणखी सैल, असं रोज एकाच दिशेने सरकत असेल, तर इतर सगळं सोडून आधी शिफ्टरमधली केबल बघा. का, ते पुढे.

चाक, मग हँगर

पहिलं काम अर्ध्या मिनिटाचं. सायकल जमिनीवर सरळ उभी करा, मागचा क्विक रिलीज किंवा थ्रू अॅक्सल (चाक फ्रेमला धरणारा दांडा) सोडा, सीटवर हाताने दाब द्या आणि परत घट्ट करा. गाडीतून सायकल नेऊन चाक घाईत बसवलं की ते जागेवर पुरतं बसत नाही, कॅसेट किंचित तिरकी राहते आणि सगळे गियर बिघडल्यासारखे वाटतात. ही तपासणी झाल्याशिवाय एकही स्क्रू फिरवायचा नाही.

मग हँगर. डिरेलर ज्या अॅल्युमिनियमच्या तुकड्यावर टांगलेला असतो तो मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, पडल्यावर फ्रेमऐवजी तो वाकावा म्हणून. त्यामुळे तो वाकतोही सहज. सायकल उजव्या अंगावर आडवी पडली, टेम्पोत तिच्यावर दुसरी सायकल रेलून ठेवली, रेल्वेच्या डब्यात कुणाची बॅग डिरेलरला टेकली, एवढं पुरतं. मागे उकिडवं बसून पाहा: वरची पुली, खालची पुली आणि चेन ज्या चकतीवर आहे ती, हे तिन्ही एका उभ्या रेषेत दिसायला हवेत. खालची पुली स्पोककडे झुकलेली दिसली तर हँगर आत वाकलाय. अर्थात डोळ्याला दिसण्याइतका वाक म्हणजे बराच वाक. शिफ्टिंग बिघडवणारा वाक बऱ्याचदा डोळ्याला दिसत नाही.

त्यासाठी हँगर गेज लागतो आणि तो बहुतेक चांगल्या दुकानांत असतो. डिरेलर काढून गेज हँगरच्या भोकात फिरवून बसवतात आणि त्याचं टोक रिमला चार ठिकाणी लावून अंतर बघतात: वर, खाली, पुढे, मागे. मोजताना रिमवरची एकच जागा, म्हणजे व्हॉल्व्हजवळची, दर वेळी फिरवून गेजसमोर आणायची. नाहीतर रिमचा स्वतःचा डगमगपणा हँगरच्या खात्यात जमा होतो. चारही ठिकाणच्या अंतरांत ४ मिमीपेक्षा कमी फरक असेल तर चालतं. ११-१२ स्पीडला त्याहून कमी ठेवता आला तर उत्तम. दुकानात नुसतं ‘गियर सेट करून द्या’ म्हणू नका, ‘हँगर गेजवर तपासा’ असं स्पष्ट सांगा.

थोडा वाकलेला हँगर एकदा सरळ करता येतो. भोकाजवळ चीर दिसली, आटे खाल्ले गेले किंवा तो दुसऱ्यांदा वाकला तर फेकून द्या. नवा बसवलात तरी तोही गेजवर तपासा. पाकिटातून काढलेला हँगर सरळच असतो असं नाही. हँगरचे शेकडो आकार आहेत आणि तुमच्या फ्रेमचा नेमका हँगर शर्यतीच्या गावात मिळेल ही आशा धरू नका. तो आधी मागवून सॅडल बॅगेत ठेवायची वस्तू आहे.

केबल: बहुतेक वेळा चोर इथेच सापडतो

रोड सायकलच्या शिफ्टरमध्ये, विशेषतः हँडलबार टेपखालून केबल जाणाऱ्या शिमानोच्या ११-स्पीड शिफ्टरमध्ये, इनर केबल (आउटरच्या आतली केबल) एका छोट्या चक्रीभोवती तीव्र वळण घेते. प्रत्येक क्लिकला ती त्याच जागी वाकते आणि सरळ होते. काही हजार किलोमीटर झाले की तिथली एकेक तार तुटू लागते. १.२ मिमीची ती केबल अशा बारीक तारांचीच वळलेली असते. एक तार तुटली की उरलेल्यांवर ताण येतो, केबल किंचित लांबते, गियर सैल पडतो. तुम्ही बॅरल फिरवता, गियर जुळतो. दुसऱ्या दिवशी आणखी एक तार जाते. असं करत करत एका चढावर ‘टक्’ आवाज येतो आणि डिरेलर सर्वांत लहान चकतीवर जाऊन बसतो. घाटाच्या मध्यावर ११ दात्यांच्या चकतीत अडकणं म्हणजे शर्यत तिथेच संपली.

तपासायची पद्धत: गियर सर्वांत लहान चकतीवर आणा, रबरी हूड मागे सरकवा, ब्रेक लिव्हर दाबून धरा आणि केबलचं डोकं ज्या भोकातून आत जातं तिथे मोबाइलचा टॉर्च मारा. बाहेर आलेली एखादी केसासारखी तार, काळपट भुगा, पिळा सुटलेली केबल, यातलं काहीही दिसलं तर ती बदलायची, चर्चा नाही. काहीच दिसलं नाही पण केबलवर चार हजार किलोमीटर झालेत आणि शर्यत दोन आठवड्यांवर आहे? तरीही बदला. इनर केबल ही सायकलवरच्या सगळ्यात स्वस्त भागांपैकी एक आहे.

बदलताना शिफ्टर सर्वांत लहान चकतीच्या क्लिकवर असलाच पाहिजे, तरच केबलचं डोकं भोकासमोर येतं. केबल आत तुटलेली असेल तर लिव्हर उगाच टकटक करत राहू नका. तुटक्या तारा दात्यांत गुंततात आणि पाच मिनिटांचं काम अख्खी संध्याकाळ खातं. टॉर्च मारून बारीक टोकाच्या पकडीने डोकं हळू बाहेर घ्या, मग तुटलेल्या तारा एकेक करून वेचा.

इनर बदलली तर आउटरकडेही बघा. गियरचं आउटर ४ मिमीचं असतं आणि त्यात पोलादी तारा लांबीच्या दिशेने उभ्या असतात, म्हणून ते दाबलं जात नाही. ब्रेकचं आउटर ५ मिमीचं, आत स्प्रिंगसारखी गुंडाळलेली पट्टी असते. घाईत ब्रेकच्या आउटरचा तुकडा गियरला लावला तर ते दर क्लिकला किंचित दबतं आणि गियर कधीच जुळत नाहीत.

सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे आउटरची टोकं. साध्या पकडीने कापलेलं टोक चपटं होतं, आतली प्लास्टिकची नळी मिटते, आणि उभ्या तारा वरखाली राहतात. त्या वरखाली तारा टोकावर बसवलेल्या टोपीच्या तळाला टोचत टोचत हळूहळू बाहेर येतात. प्रत्येक वेळी आउटर तेवढं आखूड होतं, म्हणजे केबल तेवढी सैल. रोज थोडं सरकणाऱ्या गियरचं हे दुसरं मोठं कारण. केबल कटरनेच कापा, टोक कानशीने सपाट घासा, आतली नळी दाभणाने गोल उघडा, मग टोपी घाला. जुन्या आउटरची टोपी काढून बघितली आणि तारा तिच्यातून डोकावत असतील, तर तुमचा शोध संपला.

मागच्या डिरेलरकडे जाणारा आउटरचा छोटा तुकडा जास्त खराब होतो, कारण चिखल-पाणी तिथेच उडतं. तो आखूड असेल तर तीव्र वळण घेतो, लांब असेल तर लोंबतो. त्याने सहज गोल वळण घेऊन डिरेलरमध्ये सरळ शिरायला हवं. पावसाळाभर चालवलेल्या सायकलीत बॉटम ब्रॅकेटखालच्या केबल गाइडमध्येही लाल माती घट्ट बसलेली असते. ती ब्रशने आणि पाण्याने काढा, वाळू द्या. आउटरमध्ये जाडं ग्रीस भरू नका. चांगल्या आउटरला आतून वंगण असतंच, आणि जाड ग्रीस धूळ धरून आठवड्यात चिकट लगदा बनतं. पावसाळ्यात ट्रेनरवर (घरात सायकल जागेवर चालवायच्या यंत्रावर) सराव केला असेल तर हँडलबार टेप खालून ओली राहिली होती का, तेही बघा. घामातलं मीठ केबलला पावसाइतकंच गंजवतं. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत राहणाऱ्यांना हे सांगायला नको.

नवी केबल बसवल्यावर फ्रेमजवळून हाताने पकडून तीन-चार वेळा जोरात ताणा, सर्व गियर दोन-तीनदा वरखाली करा आणि मग पुन्हा कसा. केबल ‘लांबते’ असं म्हणतात, पण खरं तर आउटरची टोकं आणि टोप्या आपापल्या जागी बसतात. म्हणूनच नवी केबल शर्यतीच्या आदल्या दिवशी टाकायची नाही. निदान दोन राइड तिला मिळायला हव्यात.

आणखी एक बारीक गोष्ट. डिरेलरच्या बोल्टखाली केबल बसायला एक खाच असते. केबल त्या खाचेतच हवी. बोल्टच्या चुकीच्या बाजूने गेली तर ओढ बदलते आणि टोकाच्या गियरमध्ये फरक वाढत जातो. हँगर वाकल्यासारखंच लक्षण दिसतं. बोल्ट ६–७ न्यूटन-मीटरला कसा.

शर्यतीसाठी चाक किंवा कॅसेट बदलली असेल तर

शर्यतीचं वेगळं चाक आदल्या संध्याकाळी लावायचं आणि सकाळी गियर करकरायचे, हे फार होतं. दोन वेगळ्या हबवर कॅसेट अगदी एकाच जागी बसत नाही, आणि वर पाहिलंच की अर्ध्या मिलिमीटरने काय होतं. पावसाळाभर डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनरवर (मागचं चाक काढून सायकल थेट ज्यावर बसवतात त्यावर) लावलेल्या सायकलीचंही तेच: गियर ट्रेनरच्या कॅसेटला जुळलेले असतात, चाकाला नव्हे. शर्यतीचं चाक आठवडाभर आधी लावून त्यावर गियर जुळवा. सरावाच्या चाकापासून बॅरल किती पाव-फेरे फिरवावा लागला ते चिकटपट्टीवर लिहून फ्रेमला चिकटवा. पुढच्या वेळी मिनिटाचं काम.

घाटासाठी मोठी कॅसेट घेतली असेल तर इकडे लक्ष द्या. मुंबई–पुणे सायकल शर्यतीत ‘घाटाचा राजा’ बोरघाटात ठरतो; अशा चढासाठी ११-३४ दात्यांची कॅसेट घेणारे पुष्कळ. शिमानोची ११-स्पीडची ११-३४ कॅसेट ११-स्पीड रोड हबवर बसवताना मागे १.८५ मिमीचा स्पेसर लागतो. तो विसरला तर लॉकरिंग शेवटपर्यंत आवळूनही कॅसेट हाताला खुळखुळते आणि गियर मनाला येईल तसे पडतात. कॅसेट पकडून डावी-उजवीकडे हलवून बघा; अजिबात हलता कामा नये. लॉकरिंगला ४० न्यूटन-मीटर लागतात, म्हणजे पान्यावर चांगलाच जोर.

डिरेलरला ती मोठी चकती झेपते का, हेही पाहा. शिमानोच्या १०५ आर७००० मालिकेत आखूड पिंजऱ्याचा (पुल्या धरणाऱ्या चौकटीचा) डिरेलर ३० दात्यांपर्यंत आणि मध्यम पिंजऱ्याचा ३४ पर्यंत चालतो. आणि एमटीबीचा डिरेलर रोड शिफ्टरला जोडायचा विचार असेल, तर केबलच्या ओढीचं प्रमाण तपासल्याशिवाय नको. शिमानोचा ९-स्पीड एमटीबी डिरेलर ९-स्पीडच्या आणि जुन्या १०-स्पीडच्या रोड शिफ्टरशी जुळतो; १०-स्पीड एमटीबी डिरेलर जुळत नाही. शिमानोचाच टियाग्रा ४७०० तर १०-स्पीड असूनही आधीच्या ४६०० शी जुळत नाही, कारण त्याची ओढ ११-स्पीडच्या धर्तीवर आहे. अशी जोडी बसवलेल्या सायकलीवर कितीही कुशल मेकॅनिक असला तरी सगळे गियर एकाच वेळी जुळत नाहीत.

चेनचं थोडक्यात: चेन गेजने ०.५ टक्के झीज दाखवली की ११-१२ स्पीडची चेन बदला, त्याखालच्यांना ०.७५ पर्यंत चालते. पण जुन्या झिजलेल्या कॅसेटवर नवी चेन टाकली तर ती जोर देताच दात सोडते. म्हणून चेन बदलायची तर दोन-तीन आठवडे आधी, चढावर उभं राहून पडताळून पाहायला वेळ ठेवून. वेळ नसेल तर झिजलेली, पण कॅसेटशी जुळलेली जुनीच चेन स्वच्छ करून त्या दिवसापुरती ठेवा. नव्याच्या मोहापायी शर्यत घालवू नका.

आता जुळवणी

चाक, हँगर, केबल, कॅसेट धड आहेत ही खात्री झाली की मगच हे करायचं. मग जेमतेम पंधरा मिनिटं लागतात.

पुढे मोठी चेनरिंग (पेडलजवळची दातेरी चकती), मागे सर्वांत लहान चकती. केबल सोडा. बॅरल पूर्ण आत घ्या आणि एक फेरा बाहेर काढून ठेवा, म्हणजे दोन्हीकडे वाव राहतो. एच स्क्रूने, म्हणजे लहान चकतीकडची हद्द ठरवणाऱ्या स्क्रूने, वरची पुली लहान चकतीच्या बाहेरच्या कडेच्या बरोबर खाली आणा. केबल हाताने ओढून, खाचेत बसवून कसा.

एक क्लिक द्या, चेन दुसऱ्या चकतीवर येईल. न आल्यास मागून बघताना बॅरल घड्याळाच्या काट्यांच्या उलट पाव-पाव फेरा फिरवा. आता लिव्हर क्लिक होणार नाही इतपतच, नुसती तिची मोकळीक संपेपर्यंत आत दाबून धरा आणि पेडल फिरवा. चेन तिसऱ्या चकतीला हलकीशी घासून आवाज करायला हवी. आवाज आला, लिव्हर सोडताच थांबला: जुळलं. तिसऱ्यावर चढलीच तर केबल जास्त ताणलेली, काट्यांच्या दिशेने थोडं आत घ्या. काहीच आवाज नाही तर थोडं बाहेर. शिमानोच्या केबलवाल्या गियरला ही खूण कानाने कळते, डोळे बारीक करून बघत बसावं लागत नाही.

मग एकेक करत मोठ्या चकतीपर्यंत जा. पुढे लहान चेनरिंग घेऊन सर्वांत मोठ्या चकतीवर वरची पुली आणि दाते यांत साधारण ६ मिमी फट ठेवा, ती बी स्क्रूने (पुली चकतीपासून जवळ-दूर नेणाऱ्या). फट फार मोठी असेल तर चेन आळशीपणे चढते. फार कमी असेल तर पुली चकतीला घासून गुरगुरते. स्रॅम कंपनीच्या १०-५० दात्यांच्या ईगल कॅसेटला ही फट १२ मिमी हवी, तिथे ६ चा नियम लावू नका.

शेवटी एल स्क्रू, मोठ्या चकतीकडची हद्द ठरवणारा. पेडल फिरवत डिरेलर हाताने स्पोककडे ढकला. चेन मोठ्या चकतीपलीकडे जाता कामा नये. चाक किंवा हँगर बदलल्यावर ही तपासणी टाळायची नाही. डिरेलर स्पोकमध्ये गेला की चाक, डिरेलर, हँगर आणि कधी फ्रेमही एका क्षणात जाते, आणि हे नेमकं चढावर मोठ्या चकतीत, गर्दीत होतं. एरवी एच आणि एल स्क्रू आपोआप हलत नाहीत. काही बदललं नसेल तर त्यांना हात लावू नका. मधले गियर करकरतात म्हणून हे दोन फिरवणं ही सगळ्यात महाग चूक.

स्टँडवरचं जुळणं अर्धंच. पुण्याजवळ असाल तर सिंहगडाचा डोणज्यापासूनचा चढ, नाहीतर जवळचा कुठलाही धड चढ गाठा आणि पायात जोर असताना प्रत्येक गियर वर-खाली करा. जोर आला की फ्रेम, चाक, हँगर सगळं किंचित लवतं, आणि स्टँडवर लपलेला दोष तिथे बाहेर येतो.

पुढच्या डिरेलरमध्ये फार गुंतायला नको. बाहेरची पट्टी मोठ्या चेनरिंगच्या दात्यांपासून १ ते ३ मिमी वर आणि चेनरिंगला समांतर, पुढे लहान-मागे मोठी या जोडीत आतल्या पट्टीशी अर्ध्या मिलिमीटरपर्यंत फट, एवढं असेल तर तो काम करतो. थोडी घासली तर आधी शिफ्टरचा ट्रिम (पुढचा डिरेलर किंचित सरकवणारी हलकी क्लिक) वापरून बघा. अनेकांना आपल्या शिफ्टरला ट्रिम आहे हेच माहीत नसतं.

इलेक्ट्रॉनिक गियरवाल्यांचे प्रश्न निराळे. शिमानोच्या डीआय२ मध्ये सायकल पडल्यावर डिरेलर हलेनासा झाला तर तो बहुधा बचावाच्या अवस्थेत गेलेला असतो. जंक्शनचं बटण काही सेकंद दाबून धरून, मग पेडल फिरवत गियर बदलला की पूर्ववत होतो. बॅटरी उतरू लागली की आधी पुढचा डिरेलर बंद पडतो, मग मागचा. पुढचा थांबला तर ती सूचना समजा. स्रॅमच्या बिनतारी एएक्सएसमध्ये पुढची-मागची बॅटरी एकमेकांत बदलता येते, शिफ्टरमध्ये सीआर२०३२ बटण सेल असतो. प्रवासात त्या बॅटऱ्या काढून ठेवा. गाडीच्या हादऱ्यांनी यंत्रणा जागी राहते आणि पोचेपर्यंत बॅटरी उतरत राहते.

दोन दिवस उरले असतील तर

चेन, कॅसेट, आउटर यांना आता हात नाही. हँगर गेजवर बघून घ्या, शिफ्टरमध्ये टॉर्च मारा. तुटलेली तार दिसली तर मात्र नियम मोडून इनर बदला आणि त्याच दिवशी वीसेक किलोमीटर चालवून पुन्हा ताण द्या. सायकल खोक्यात नेणार असाल तर ५ मिमी अॅलनने डिरेलर हँगरवरून सोडून फडक्यात गुंडाळा आणि फ्रेमच्या आत बांधा. पोचल्यावर ८–१० न्यूटन-मीटरला कसा. मोकळी नेणार असाल तर उजवी बाजू वर.

शर्यतीच्या सकाळी फक्त चाक नीट बसलंय का ते पाहायचं, सगळे गियर एकदा फिरवायचे, आणि गरज पडलीच तर बॅरल पाव फेरा. त्याहून जास्त काही करावंसं वाटलं तर हात खिशात घाला.

रस्त्यावर केबल तुटलीच तर डिरेलर लहान चकतीवर जातो. मल्टिटूलने एच स्क्रू आत फिरवत न्या. बहुतेक डिरेलर त्याने एक-दोन चकत्या आत सरकून तिथेच थांबतात. लोंबणारी केबल गुंडाळून फ्रेमला चिकटपट्टीने बांधा, स्पोकमध्ये जाऊ देऊ नका. पुढच्या दोन चेनरिंग मिळून दोन गियर उरतात, आणि त्यावर शर्यत पूर्ण होऊ शकते. पडल्यामुळे हँगर वाकला असेल आणि गाडी चालती असेल, तर सर्वांत मोठ्या दोन चकत्या त्या दिवसापुरत्या विसरा. चढ कितीही उभा असो, तिसऱ्या चकतीवरच उभं राहून चढवा.